गच्चीवरचं आयोडीन

एम.एस्सी.ला आम्ही दोघी मैत्रिणी एकाच खोलीत राहायचो. समुद्रावरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर एकच जागा निघाली. मुलाखत दोघींनी दिली, निवड तिची झाली. मी पारनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. अभिनंदन तोंडभर केलं, पण पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं.

सुट्टीत आली की ती तासन्‌तास आयोडीनवर बोलायची. समुद्रातलं शेवाळ आयोडीन हवेत सोडतं, ते वाऱ्यातल्या मिठाच्या बारीक कणांना चिकटतं, त्यातलं काही पुन्हा उडून जातं. किती उरतं आणि कोणत्या रूपात, हे तिला शोधायचं होतं. उन्हाने रापलेला तिचा चेहराही मला बघवत नव्हता. मी आपली दरवर्षी स्टार्चमध्ये आयोडीन टाकून मुलांना तोच निळा रंग दाखवत होते.

मग तिला तुलनेसाठी समुद्रापासून लांबची, आयोडीन नसलेली हवा हवी झाली. एसटीडीवरून ती म्हणाली, "तुझ्याकडे काहीच नसणार, म्हणून तर तुझी आठवण झाली."

हवा ओढून कागदावर गाळणारा तिचा पंप मी कॉलेजच्या गच्चीवर बसवला. शिपाईमामा म्हणाले, "बाई, हवा वढायला पंप कशाला? आपल्याकडं हवाच लई हाय." खरंच होतं. पावसाळ्यात ढग डोक्यावरून पुढे निघून जात, आमच्या वाट्याला नुसता वारा. प्रॅक्टिकलला बोटांना आयोडीनचे डाग पडत, म्हणून फिल्टरचा कागद मी रविवारीच बदलायचे, तोही आंघोळ करून, सोवळ्यात असल्यासारखी.

तरी तपासणीत पावसाळ्यातल्या कागदांवर आयोडीन निघालं. प्रयोगशाळेतलेच हात लावले असशील, असं ती सरळ म्हणाली. मी भडकले, रविवारचं सगळं सोवळं ऐकवलं. मग तिने हिवाळ्यात, वारा पूर्वेचा, म्हणजे जमिनीवरून येणारा असताना, पुन्हा पंप लावायला सांगितला. हात माझेच होते, तरी ते कागद कोरे आले. म्हणजे पावसाळ्यातलं आयोडीन अरबी समुद्रावरून घाट ओलांडून आलं होतं.

ती धावतच पारनेरला आली. समुद्राची हवा किती आत पोचते, हा आता तिचा नवा विषय होता. जहाज तिचं होतंच, आता माझी गच्चीही तिच्याच कामात जमा झाली. मला आनंद व्हायला हवा होता, झाला तो जळफळाट.

"पुढच्या पावसाळ्यात लावशील ना पंप?" तिने विचारलं.

"या वेळी पंप तू लाव," मी म्हणाले. "जहाजावर मी जाते."

तिला ती गंमत वाटली. हसत हसत तिने कोऱ्या कागदांचं नवं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि चहा टाक म्हणाली.