टिकल्या लावलेला फोन

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतल्या, तसंच मधल्या अहमदपूर स्टँडवर चहाला उतरलेल्या समस्त नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करण्यात येतं की, बटणांचा स्मार्टफोन ही वस्तू या भागातून कायमची गेली आहे. तिच्यामागे एकच वारस उरला आहे, आणि तो माझा साडू आहे. कृपया कोणी हसू नये, प्रसंग गंभीर आहे. मी स्वतः वर्षभर हसत होतो; त्याची शिक्षा म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझा साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. या माणसाने लातुरात तीस-पस्तीस वर्षं टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली. तहसील, कोर्ट, जिल्हा परिषद, जिथे जिथे म्हणून कागद काळा होतो तिथे तिथे त्यांचा एखादा विद्यार्थी बसलेला असतो, आणि साडूभाऊ दारात दिसले की तो खुर्चीत ताठ होऊन मनगटं वर उचलतो. त्यांच्या धर्मात एकच आज्ञा होती : बटणांकडे बघायचं नाही. शिकणाऱ्याने मान खाली घातली की ते खिशातला नॅपकिन काढून त्याच्या हातांवर पसरायचे. "बोटाला डोळे असतात," ते म्हणायचे. "तुमचे डोळे उगं मधी मधी करून राहिलेत." मला बघायला पाहुणे आमच्या घरी आले तेव्हा सगळ्यांनी पगार विचारला, जमीन विचारली. साडूभाऊंनी मात्र माझा हात हातात घेतला, एकेक बोट वाकवून बघितलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा बरा हाय, पण तर्जनी आळशी हाय." सासऱ्यांनी तरीही मुलगी दिली. त्या तर्जनीचा उल्लेख बायको आजही करते, विशेषतः मी नळ दुरुस्त करायचं टाळतो तेव्हा.

टाइपरायटर गेले, इन्स्टिट्यूट बंद झाली, आणि हा माणूस आता विझणार असं आम्हाला वाटत असतानाच कोणीतरी त्यांच्या हातात तो फोन ठेवला. वर स्क्रीन आणि खाली तुरीच्या दाण्याएवढ्या बटणांच्या ओळी, बोटाला कळेल असा त्यांना उठाव. इंग्रजी अक्षरं दाबली की वर मराठी उमटायचं. साडूभाऊंनी फोन हातात घेतला, दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर देवीची ओटी भरून आलेल्या बाईचं समाधान पसरलं. फोनचे बाकीचे चमत्कार त्यांनी कधी पाहिलेच नाहीत. फोटो नाही, गाणी नाहीत. फक्त लिहिणं, आणि तेही अर्थातच नॅपकिनखाली. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत ते मांडीवर नॅपकिन पसरून समोर बघत बसलेले असत आणि खाली अंगठे चालू. एकदा कीर्तनाला असेच बसले होते. डोळे अर्धे मिटलेले, कापडाखाली बोटांची हालचाल, ओठ किंचित पुटपुटणारे. एक म्हातारी बाई गर्दीतून वाट काढत आली आणि एवढा जप करणारा माणूस आजकाल कुठे दिसतो म्हणून त्यांच्या पाया पडली. साडूभाऊंनी शांतपणे आशीर्वाद दिला. त्या क्षणी ते आपल्या भावाला कळवत होते की, सुनेनं आज वरणात मीठ जास्त टाकलं.

हा भाऊ नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळं त्याच्यासाठीच चाललं होतं. साडूभाऊंचे थोरले बंधू अहमदपूरला राहतात. त्यांना सगळे दादा म्हणतात. प्राथमिक शाळेत मास्तर होते, ऐंशीला टेकलेत, आणि काही वर्षांपासून दोन्ही कानांनी ठार बहिरे आहेत. कानाचं मशीन आणलं होतं, ते कपाटात आहे. "त्यात नुसती शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात," हे त्यांचं त्यावरचं मत. म्हणजे फोनवर बोलणं बंद. सारखं उठून भेटायला जाणं दोघांनाही झेपत नाही. मग रोज सकाळी सातला साडूभाऊ लातूरहून दादांना लिहायचे. थोडंथोडकं नाही, चारशे-पाचशे शब्द. काल काय जेवलो, कोण गेलं, कोण आजारी आहे पण अजून गेलं नाही, गवार काय भाव झाली, पाणी किती दिवसांनी आलं, लहानपणी दादांनी आपल्याला विहिरीत कसं ढकललं होतं आणि त्याबद्दल अजून माफी मागितली नाही, इथपर्यंत सगळं. त्याला दादांचं रोज एकच उत्तर यायचं : "हाव." हाव म्हणजे हो. पाचशे शब्दांना एक हाव. साडूभाऊ ते उत्तर घरातल्या कुणाकडून तरी वाचून घेत आणि दिवसभर प्रसन्न असत.

घरातल्या कुणाकडून तरी, असं मी म्हटलं. त्यातली मेख माझ्या फार उशिरा लक्षात आली. एकदा मी लातूरला गेलो तेव्हा साडूभाऊंनी खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटाला "या पाव्हणं, बसा," म्हणून हात दाखवला, आणि मी कोटाच्या बाजूला उभा राहून मनसोक्त हसलो. आत गेलो तर मेहुणी चहा गाळता गाळता हळूच म्हणाली, "हसू नका हो. काचबिंदू हाय. कडेचं सगळं गेलंय, आता मधलं बी जाऊन राहिलंय." डॉक्टरांनी सांगून काही वर्षं झाली होती. साडूभाऊंनी घरात सगळ्यांकडून वचन घेतलं होतं की हे दादाला कळवायचं नाही. "त्याला कळलं तर म्हणंल, लिहू नको, डोळ्याला ताण पडंल. मग काय करू मी सकाळी सातला?"

तर असा हा माणूस आणि असा हा फोन. फोनची पाठ उडाली होती, ती रबरबँडने बांधली होती. पण बटणं शाबूत होती. आणि एके दिवशी निरोप पाठवायच्या त्या ॲपनेच कळवलं की, अमुक तारखेपासून आम्ही या जुन्या फोनवर चालणार नाही. फोन धडधाकट होता. फोनला गावाने वाळीत टाकलं होतं.

मग आमची शोधमोहीम निघाली. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईतल्या पहिल्याच दुकानात कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले पन्नाशीचे मालक होते. साडूभाऊंना बघताच ते उभे राहिले, कारण तेही जुने विद्यार्थीच निघाले.

"बटणांचा स्मार्टफोन दाखव," साडूभाऊ म्हणाले.

मालकांनी आदराने एक साधा, चिटुकला फोन काढून दिला. साडूभाऊंनी त्यावरून अंगठा फिरवला. "अरे, एका बटणावर तीन तीन अक्षरं? एष्टीत एका सीटवर तिघं बसल्यागत?"

"सर, मग हा घ्या. सगळे हाच घेतात." आता काचेचा आला.

"ही तर काच हाय. बोट कुठं ठेवायचं हे तिला तरी ठाऊक हाय का?"

"सर, तसे फोन परदेशात अजून दोन-चार जण काढतात म्हणे. शौकीन लोकांसाठी. आपल्याकडं येत नाहीत."

"मी शौकीन न्हाई रं," साडूभाऊ म्हणाले. "मी गिऱ्हाईक हाय."

मालकांनी काचेचा फोन पुसून खोक्यात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "सर, एका गिऱ्हाइकाला मार्केट म्हणत नसतात."

पस्तीस वर्षांत विद्यार्थ्याने सरांना दिलेलं पहिलं उलट उत्तर, आणि ते बरोबर होतं, हीच तर पंचाईत. त्यानंतर साडूभाऊ नांदेडला माझ्याकडे आले. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून वजिराबादची एकूण एक दुकानं दाखवली. सगळीकडे तेच. एकाने चार्जिंगला लावलेला टॅब दिला, एकाने "आजोबा, बोलून लिहा की, बोललेलं आपोआप उमटतं" असा सल्ला दिला. त्यावर साडूभाऊ म्हणाले, "भावाला लिहायचं ते मोठ्यानं बोलू? मग ते बायको बी ऐकंल." परतताना स्कूटरवर मी दोन-चार विनोद केले. ते मागे बसून माझ्या पाठीवर दोन्ही हातांच्या बोटांनी काहीतरी टाइप करत होते. काय, ते मी विचारलं नाही.

शेवटी काचेचा फोन घेतला. आठवडाभर तो टेबलावर पडून होता आणि सकाळी सातला साडूभाऊ त्याच्यासमोर रिकाम्या हातांनी बसत होते. मग एके दिवशी त्यांनी मेहुणीच्या आरशावरचं टिकल्यांचं पाकीट मागवलं, नातवाकडून अक्षरांच्या जागा दाखवून घेतल्या, आणि डाव्या-उजव्या अंगठ्याच्या मुक्कामाला काचेवर एकेक लाल टिकली चिकटवली. झाला उठाव तयार! बोटाला टिकली लागली की त्यावरून बाकीची अक्षरं अंदाजाने. चार दिवस सराव केला, पाचव्या दिवशी चारशे शब्द गेले, आणि अहमदपूरहून "हाव" आलं. मेहुणीने मला फोन करून सांगितलं तेव्हा ती हसत होती आणि मधूनच नाक ओढत होती.

पुढच्या महिन्यात मी लातूरला गेलो. साडूभाऊ ओसरीत मांडीवर नॅपकिन घेऊन, राजासारखे बसले होते. "या पाव्हणं. आजचं पाचशे वीस शब्द. घ्या, चूक काढून दाखवा." आयुष्यभर विद्यार्थ्याच्या चुकीगणिक मार्क कापणाऱ्या माणसाने फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला.

'दादा' या पहिल्या शब्दापासूनच काही धड नव्हतं. 'झ्क्ष ठ्ठब प्वॉ म्म्झ' असं काहीतरी ओळींमागून ओळी, पानभर. मी वर सरकवलं. कालचंही तसंच, परवाचंही. आठ दिवसांचं, रोजचं चारशे-पाचशे शब्दांचं, निव्वळ ठ्ठ आणि झ्क्ष. आणि प्रत्येकाच्या खाली, न चुकता : "हाव."

मी फोन घेऊन आत गेलो. मेहुणी पोळ्या लाटत होती. तिने टिकल्यांकडे पाहिलं आणि लाटणं तसंच हातात राहिलं. "अगंबाई! त्या शुक्रवारी बारशाला जायचं होतं, पाकिटातल्या संपल्या होत्या, म्हणून या फोनवरच्या काढल्या. एक मी लावली, एक सुनेला दिली. आल्यावर लावल्या की परत, होत्या तिथंच!" होत्या तिथे नव्हत्या. एक ओळ खाली होत्या. आणि घरातले सगळे दादांचं उत्तर तेवढं वाचून दाखवत होते, वरचं कोण वाचणार?

"काय पाव्हणं?" बाहेरून आवाज आला. "किती निघाल्या?"

माझी जीभ कधी अडखळत नाही, अशी माझी दोन जिल्ह्यांत ख्याती आहे. मेहुणीने नखाने टिकल्या सोडवल्या आणि मी दाखवलं तिथे दाबून बसवल्या. मी बाहेर गेलो. ते माझ्या दिशेला बघत होते, म्हणजे माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे.

"एक पण नाही," मी म्हणालो.

"मग!" साडूभाऊ म्हणाले.

नांदेडला परतताना मी अहमदपूरला उतरलो. म्हटलं, दादांना समजावून सांगावं. काळजीने म्हातारा अर्धा झाला असेल, धाकट्याला वेड लागलं असं वाटलं असेल. दादा घरासमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे बोलायची पाटी असते, तीवर मी खोटंच लिहिलं : "लातूरचा फोन बिघडला होता. मजकूर चुकीचा येत होता. काळजी नसावी." दादांनी ते वाचलं. पाटी पुसली. मग सदऱ्याच्या डाव्या खिशावर, जिथे त्यांचा फोन होता, तिथे तळहात ठेवला, आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही त्या आवाजात, समोरच्या पिठाच्या गिरणीतली बायामाणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं ओरडले :

"अवो, वाचतंय कोण? सकाळी सातला इथं थरथरलं की कळतं मला, धाकटा उठला! त्याचं डोळं गेलेत, ठाऊक हाय मला. तुमी मातर त्याला काय बी सांगू नका!"