दातांचा दवाखाना

घरात तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. कुणी गोड बोललं की हिच्या कपाळावर आठी पडलीच. कॉलेजचं शेवटचं वर्ष, विषय कॉम्प्युटर, आणि नोकरीसाठी अर्ज करून करून बोटं झिजलेली. जाईल तिथे एकच प्रश्न: अनुभव किती? आता नोकरीच दिली नाही, तर अनुभव काय आकाशातून पडणार?

अशात एका कंपनीचं उत्तर आलं. अनुभवाची अट नाही, फक्त एक चाचणी. दातांच्या दवाखान्यासाठी अपॉइंटमेंट रद्द करायचं वेबसाइटचं पान बनवून पाठवा.

"मग झालंच की!" आई म्हणाली.

"इतक्या सहज?"

काम करायला बसली, तर मागण्या भलत्याच बारीक. डॉक्टरीणबाईंची जेवणाची सुट्टी धरा, लहान मुलांची खुर्ची वेगळी दाखवा. नुसत्या चाचणीला हे कशाला? तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिच्या वर्गातल्या मैत्रिणीलाही त्याच कंपनीचं बोलावणं होतं. तिला फोन लावला.

"तुला काय करायला दिलंय गं?"

"का? तुला कशाला पाहिजे?" मैत्रिणीला वाटलं, ही आपलं काम उचलणार.

"बरं, माझं आधी सांगते." तिने सांगितलं.

मग मैत्रीण म्हणाली, "मला अपॉइंटमेंटची आठवण करून देणारे मेसेज बनवायला दिलेत. दातांचाच दवाखाना. लहान मुलांची खुर्चीसुद्धा आहे."

मैत्रिणीने तरीही काम पाठवून दिलं. हिने पाठवलं नाही. मुलाखतीला लॅपटॉपच घेऊन गेली आणि पान तिथेच चालवून दाखवलं.

"छान," साहेब म्हणाले. "आता कोड पाठवून दे."

"सर, हा दवाखाना खरा आहे का?"

"नमुना आहे गं."

"मग माझ्या मैत्रिणीला त्याच नमुन्याचा दुसरा तुकडा कसा आला?"

साहेब हसले. "अशीच चौकस मुलगी हवी आम्हाला. सोमवारपासून ये. कोड तेवढा आजच पाठव."

नोकरी समोर उभी होती, हो म्हणायचं तेवढं बाकी. पण ती म्हणाली, "नेमणुकीचं पत्र द्या, लगेच पाठवते."

साहेबांचं हसू मावळलं. "कळवतो."

कळवलं नाहीच. "हातची घालवलीस," आई दोन दिवस धुसफुसत होती. आपलंच चुकलं का, या विचाराने तीही आतून पोखरली गेली. मग मैत्रिणीचा फोन आला: काम हातात पडल्यापासून कंपनीवाले तिचा फोन उचलतच नव्हते. ते ऐकून आईने तिच्यापुढे चहा ठेवला.

पुढच्या महिन्यात ती एका छोट्या ऑफिसात मुलाखतीला गेली, तर तिथल्या इंजिनीअर मॅडमनी तिच्या शेजारी खुर्ची ओढली. "हे कुठेतरी चुकतंय. बघ बरं."

"हे खरं काम आहे?" तिने तोंडावरच विचारलं.

"खरं आहे, आणि चूक माझीच आहे. ती मीच निस्तरीन. तू विचार कसा करतेस, एवढंच बघायचंय."

तासभर दोघी त्या स्क्रीनशी भांडल्या. तिथे ती लागली. पहिला पगार जमा होईपर्यंत मात्र शेजारच्या काकूंना तिने काही कळू दिलं नाही.