जाऊबाईंचा बिल्ला

माझ्या थोरल्या जाऊबाईंना वाटेत काहीही दिसलं की थांबायची सवय आहे. रस्ता खणणारी माणसं, कुलूप खोलून बसलेला किल्लीवाला, पाइपातून ठिबकणारं पाणी. आणि माझ्या मोठ्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, बायकोचं प्रत्येक काम परस्पर उरकून टाकायची सवय. बँकेत सही कुठे करायची ते भाऊजी बोट ठेवून दाखवतात. डॉक्टर विचारतात, "कुठे दुखतंय?" भाऊजी सांगतात, "डावा गुडघा." तोवर जाऊबाई टेबलावरचा सांगाडा निरखत असतात. इतकी वर्षं संसार असाच बिनबोभाट चाललाय.

माझी लेक एका छोट्या जहाजावर नोकरी करते. जिथे रस्ताच पोचत नाही अशा ओसाड किनाऱ्याने ते जहाज प्रवाशांना हिंडवतं, आणि ही पोरगी त्यांना रबरी बोटीतून काठावर नेते-आणते. माझा जीव कायम टांगणीला. शेवटी म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून तरी येऊ. मी निघाले म्हणताच भाऊजींनी त्यांची दोघांचीही तिकिटं काढून टाकली. जाऊबाईंना न विचारता, हे सांगायला नकोच.

जहाजावर जेवणघरातल्या खुर्च्या जमिनीला साखळीने अडकवलेल्या होत्या. पहिल्याच संध्याकाळी जाऊबाई टेबलाखाली वाकून एका साखळीचा हुक काढून, परत लावून आल्या. जिन्यापाशी एक फळा होता आणि त्यावर प्रत्येकाच्या नंबराचा बिल्ला. काठावर जाताना आपला बिल्ला लाल बाजूला फिरवायचा, परत आलं की हिरव्या. सगळे हिरवे दिसले की नांगर उचलायचा.

जाऊबाईंचं सगळं लक्ष शेवटच्या मुक्कामाकडे होतं. तिथल्या कड्यावरून पक्ष्यांची पिल्लं पंख पुरते फुटायच्या आधीच समुद्रात उडी मारतात, आणि खाली पाण्यात त्यांचा बाप हाका मारत थांबलेला असतो, असं लेकीने सांगितलं होतं.

"अगं, पण तिथे शेकडो बाप ओरडत असणार," जाऊबाई मला पुन्हा पुन्हा म्हणत. "त्यातला आपला कुठला, हे पिल्लाला कळतं कसं?"

"मला काय माहीत! माझ्या डोळ्यांसमोर नुसतं ते उडी मारणारं पिल्लू येतंय."

त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दगडगोट्यांनी भरलेल्या एका काठावर उतरलो. परतून चहाला बसलो, बाहेर धुकं दाटायला लागलं, खाली इंजिनाची घरघर सुरू झाली. मी केबिनमध्ये शाल आणायला गेले, तर शेजारच्या केबिनचं दार उघडं आणि आत कोणी नाही.

"भाऊजी, जाऊबाई कुठे आहेत?"

"असेल इथेच. मागच्या बोटीने आली ना."

लेक धावत फळ्याकडे गेली. "काका, काकूंचा बिल्ला तर हिरवा आहे."

"हो, मीच फिरवला. माझा फिरवला, तिचाही फिरवला. ती विसरते."

पोरगी वॉकीटॉकी घेऊन खाली पळाली. तिची बोट धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. त्या वेळात मी जहाजाचा कठडा किती घट्ट धरला होता ते नंतर माझ्या तळव्यांवर दिसत होतं. भाऊजी शेजारी उभे होते.

दोघी आल्या. लेकीचा चेहरा पांढरा पडलेला. जाऊबाईंचा मात्र जत्रेतून अर्ध्यात ओढून आणलेल्या मुलासारखा.

सफरीच्या प्रमुख बाईंनी आम्हाला नकाशांच्या खोलीत बोलावलं. आवाज शांत, पण भुवया ताणलेल्या. त्या भाऊजींना म्हणाल्या, "भरती चढत होती. आम्ही निघून गेलो असतो. नियम असा आहे, की बिल्ल्याचा घोळ झाला तर उद्या काठावर उतरायचं नाही. तुम्हीही नाही आणि यांनीही नाही."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. "आमचं चुकलं. तिला मी समजावतो."

"काय समजावणार?" जाऊबाई म्हणाल्या. "अहो, बिल्ल्याला मी हात तरी लावलाय का? आणि बाई, तुम्हीसुद्धा मघापासून यांच्याकडेच बघून बोलताय. मागे राहिले मी. मला कोणी विचारलं, का राहिले ते?"

प्रमुख बाई जरा गडबडल्या. मग खुर्ची वळवून जाऊबाईंसमोर बसल्या. "सांगा."

"एक पांढरा पक्षी शिंपला चोचीत धरून वर जायचा आणि खाली टाकायचा. आधी वाळूत टाकला. फुटेल कसा? मग लहान गोट्यावर. मग त्याला एक मोठा दगड सापडला. तो नेम शिकतोय का, ते बघत होते मी."

"फुटला?"

"फुटणारच होता! तेवढ्यात आमची पोरगी आली बोंबलत."

लेकीने कपाळावर हात मारला. प्रमुख बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी मान हलवली. "तरी नियम तो नियमच."

तेव्हा भाऊजी बोलले. जड गेलं त्यांना. "बिल्ला मी फिरवला. ती आली की नाही तेही पाहिलं नाही. मी राहतो जहाजावर. तिला जाऊ द्या."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "जा," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "पण उद्या माझ्या नजरेआड व्हायचं नाही."

दुसऱ्या दिवशी जाऊबाई लेकीच्या बोटीत बसून गेल्या. मीही गेले नाही. एक जण तरी भाऊजींपाशी हवं, असं म्हटलं, पण खरं म्हणजे त्या रबरी बोटीचा मी धसका घेतलाय. कड्यावरचा गलका जहाजापर्यंत ऐकू येत होता. भाऊजी दुर्बीण लावून येरझाऱ्या घालत होते.

"पुढच्या बाजूला बसली असेल ना? तिला नीट दिसत असेल ना?"

"आल्यावर त्यांनाच विचारा की."

जाऊबाई परतल्या त्या खाऱ्या पाण्याने निथळत. भाऊजींनी खरंच विचारलं, "मग? कळतं कसं पिल्लाला?"

"आवाजावरून. बाप तुमच्यासारखाच एकसारखा बोलत असतो, न ओळखून करतं काय?"

भाऊजी आधी ओशाळले, मग मोठ्याने हसले.

मला मात्र राहवेना. "आणि ज्याला बाप सापडला नाही असं नव्हतं कुठलं?"

"होतं एक," जाऊबाई ओले मोजे पिळत म्हणाल्या. "याच्यापाशी जाई, त्याच्यापाशी जाई, परत फिरे. तुझी लेक म्हणाली, निघायची वेळ झाली. मी म्हटलं, अजून जरा थांब. थांबली गं ती."

"मग?"

"मग धुकं आलं."