दारात पसरलेलं जाळं

आमच्या सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत. आता हे मी मिरवत सांगते. लग्न होऊन झाईत आले तेव्हा हेच वाक्य माहेरी फोनवर हळू आवाजात सांगायचे आणि आईकडून सहानुभूती मिळवायचे.

झाई म्हणजे महाराष्ट्राचं शेवटचं गाव. खाडीपलीकडे गुजरात. त्यामुळे सासूबाईंना अर्धं गाव हंसाबाय म्हणतं आणि अर्धं हंसाबेन. दोन्ही हाकांना त्या ओ देतात, पण मनाला येईल तेच करतात. सासरे गेल्यावर त्यांनी बोंबील वाळवून, तलासरीच्या आणि चारोटीच्या बाजाराला नेऊन विकले आणि जिग्नेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, होडीवर उभं केलं. आणि त्या जाळी शिवायच्या. फाटलेलं जाळं त्यांच्या हाताखालून गेलं की कुठे फाटलं होतं ते जाळ्याच्या मालकालाही सापडत नसे.

त्यांच्याबद्दल सांगायचं तर कासवापासून सुरुवात करावी लागेल.

आमच्याकडे जाळ्यात कासव आलं की देव आला असं मानतात. त्याला किनाऱ्यावर आणायचं, ज्याच्या जाळ्यात आलं त्याच्या घरच्या बाईने हळदकुंकू वाहायचं, पायाला नाडा बांधायचा, नारळ फोडायचा आणि मग मानाने पाण्यात सोडायचं. कुणी मारत नाही, कुणी विकत नाही. मला हे फार आवडायचं. आणि या पूजेत सासूबाईंचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

एका हिवाळ्यात जिग्नेशच्या जाळ्यात मोठं कासव आलं. सासूबाईंनी पूजेचा थाट मांडला. झेंडूचा हार काय, खडीसाखर काय! जाळं शिवायच्या हिरव्या दोऱ्यात लाल धागा मिसळून त्यांनी स्वतः नाडा वळला. सगळी आळी दर्शनाला लोटली, फोटो निघाले, पोरासोरांनी पाठीवर हात फिरवून घेतला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे कासव पाण्यात गेलं. आम्ही सगळ्यांनी हात जोडले आणि खूश होऊन घरी जेवायला आलो.

थोड्या दिवसांनी ओहोटीला तेच कासव मरून किनाऱ्याला लागलं. पायात हिरव्या-लाल दोऱ्याचा नाडा तसाच होता.

सासूबाई त्याच्याजवळ वाळूत बसल्या. उठेचनात. डहाणूला कासवांवर उपचार करतात तिथल्या माणसांना जिग्नेशने बोलावलं. ते आले, त्यांनी पाहिलं आणि फार सांभाळून सांगितलं, की जाळ्यात अडकलेलं कासव पार दमलेलं असतं, कधी त्याच्या फुफ्फुसात पाणी गेलेलं असतं. त्याला सावली हवी, अंगावर ओलं फडकं हवं, आराम हवा. उन्हात माणसांच्या गर्दीत ठेवून तसंच समुद्रात ढकललं तर ते बुडतं.

"कासव बुडतं?" सासूबाईंनी विचारलं.

"दमलेलं असेल तर बुडतं, मावशी."

त्या माणसाने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. पण दोष घ्यायला त्यांना कुणाची गरज नव्हती. घरी येऊन म्हणाल्या, "पूजा मीच केली, आनि मारलं पन मीच." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या लागतात तिथे जाऊन त्यांनी सरळ जाहीर केलं. "आजपासून पूजा नाय. कासव आलं की जाळं कापा आनि तिथंच सोडा. दमलेलं दिसलं तर आना, सावलीत ठेवा, डहाणूला फोन करा. हळदकुंकू मी महालक्ष्मीला वाहीन, तिला त्रास होत नाय."

लोक हसले. आमच्या शेजारच्या होडीचे मालक नारूकाका सगळ्यांत मोठ्याने हसले. बोलण्यात त्यांना कोणी गाठू शकत नाही. म्हणाले, "हंसाबाय, कापायला काय, कापू. शिवनार कोन?"

प्रश्न खोटा नव्हता. कापलेल्या जाळ्याची सरकारी भरपाई मिळते, पण ती मिळेल तेव्हा मिळेल. जाळं उद्या पहाटे लागतं. अर्धवट जाळं घेऊन समुद्रावर जाणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं.

"मी शिवीन," सासूबाई म्हणाल्या. "दोरा पन माझा."

आणि त्यांनी शिवली. वर्षानुवर्षं शिवली. कासवासाठी कापलेलं जाळं कुणाचंही असो, ते आमच्या अंगणात यायचं आणि नव्यासारखं होऊन जायचं. दोरा त्यांच्या बोंबलाच्या पैशातून यायचा. मी चिडचिड करायचे. कपडे वाळत घालायला जागा नाही, दारात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे गावाची जाळी! मुंबईहून एका संस्थेच्या बाई आल्या होत्या. निसर्गासाठी पदरमोड करणाऱ्या लोकांचा त्या सत्कार करतात म्हणे. त्यांनी शाल घातली आणि विचारलं, "आजी, हे दान करायची प्रेरणा कुठून मिळाली?" सासूबाई म्हणाल्या, "दान कसलं? माझ्याकडनं एक मेलं, त्याचं फेडते हाय." बाईंचा चेहरा पडला. शाल मात्र छान होती, अजून आहे.

गाव हळूहळू बदललं. लोक जाळी कापायला लागले. कासव सोडलं की येऊन सांगायला लागले, आणि सांगताना छाती थोडी पुढे यायची. सासूबाईंचं कौतुक तोंडावर कुणी करत नसे, पण त्यांच्या बोंबलाला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही.

मग त्यांची बोटं सुजायला लागली. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, हे काम बंद करा. सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, "तुला येतं काय जाळं शिवायला?" आणि काम चालूच ठेवलं. एकदा मी पाठीमागून गेले तर त्या दोऱ्याची गाठ दाताने ओढत होत्या. बोटांत ताकदच नव्हती. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना कुणी असं पाहिलेलं चालत नाही.

गावात अशी गोष्ट लपत नाही. नारूकाका किनाऱ्यावर बोललेच, "हंसाबायचे हात गेले. आता कासवाचं कासवाने बघावं."

ते कानावर आलं त्या संध्याकाळी त्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळलेले बोंबील काढत होत्या. काढता काढता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हेमांगी, मी शिवते म्हनून हे कापतात. मी बसले की कोन कापेल गं?" एवढ्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गावच्या मच्छीमारांची सभा भरते. होडी ज्याच्या नावावर तो सभासद, म्हणजे झाडून सगळे पुरुष. आमची होडी जिग्नेशच्या नावावर. सासूबाईंनी त्याच्याकडे निरोप दिला, की कापलेलं जाळं यापुढे सगळ्या किनाऱ्याने मिळून शिवायचं असा ठराव मांड. त्याने मांडला. अध्यक्ष म्हणाले, "आयत्या वेळच्या विषयात घेऊ." आणि आयती वेळ आली तेव्हा सभा संपल्याचं जाहीर करून टाकलं. बाहेर जेवणाचा वास सुटला होता.

आम्ही दोघी सभेच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होतो. सासूबाईंनी सोबत एक कापलेलं जाळं आणलं होतं. मला वाटलं, बसल्या बसल्या शिवायला आणलं असेल. त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "टोक धर." मी धरलं. त्यांनी ते जाळं सभेच्या दारात उंबऱ्याला लागून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं आणि मधोमध सुई घेऊन बसल्या.

आमच्याकडे जाळं कोणी ओलांडत नाही. ज्या जाळ्यावर पोट भरतं त्याच्यावरून पाय टाकायचा नसतो. त्यात हंगाम तोंडावर आलेला. त्या दिवसांत तर पोर जाळ्यावरून गेलं तरी बाप त्याच्या पाठीत धपाटा घालतो. आणि सभेच्या खोलीला दार एकच.

पहिला माणूस उंबऱ्याशी येऊन थांबला. मागचा त्याच्यावर आदळला. मागून आवाज, "काय झालं? चला की!"

अध्यक्ष पुढे आले. "हंसाबाय, जाळं उचला."

"शिवते हाय. झालं की उचलते."

"किती वेळ लागेल?"

"हात दुखतात ना बाबा. लागेल वेळ."

आत कुणीतरी हसलं. नारूकाकांनी खिडकी पाहिली. खिडकीला गज होते. तेवढ्यात वाढप्याने बाहेरून ओरडून विचारलं, भात गार होतोय, वाढू का? मी जाळ्याचं टोक धरून मान खाली घातली होती. हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती, कारण आत माझे चुलतसासरे, दीर, सगळा गोतावळा होता.

मग सासूबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. "माझे हात संपले. तुमचे हायत. जे जाळं जनावरासाठी कापलं जाईल ते शिवायला हरेक होडीचा एक मानूस माझ्या अंगणात येईल. एवढंच लिहा. मी उठते."

"आमच्या बाया बोंबलाला बसतात," नारूकाका म्हणाले. "त्यांना कुठं वेळ?"

"बाया कशाला? तुला काय हात नायत, नारू?"

आता मात्र सगळी खोली हसली. अध्यक्षांनी वही उघडली, ठराव लिहिला, सगळ्यांनी हात वर केले. वहीत काय लिहिलंय ते सासूबाईंनी वाचून घेतलं आणि मगच मला म्हणाल्या, "उचल."

बाहेर पडताना नारूकाकांनी टोमणा मारलाच. "कोंडून ठेवल्यावर कोनी पन हात वर करेल."

घरी येताना मी हवेत होते. सासूबाईंना मात्र नारूकाकांचं बोलणं लागलं होतं, कारण ते खरं असू शकत होतं. पुढे हंगाम सुरू झाला, दिवाळी झाली, एकही कापलेलं जाळं आलं नाही. कासवं आलीच नाहीत, की लोकांनी कापणं सोडलं? हा प्रश्न त्या विचारत नव्हत्या, पण रोज सकाळी होड्या लागल्या की दारात येऊन उभ्या राहायच्या.

एका सकाळी नारूकाका खांद्यावर जाळं टाकून आमच्या अंगणात आले. त्यांचं याच हंगामातलं कोरं जाळं. त्यांनी ते खाली टाकलं तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मधोमध एवढं भगदाड, की त्यातून बैलगाडी गेली असती.

"कासव?" सासूबाईंनी विचारलं.

"करवत."

आमच्या घरात भिंतीवर एक करवत टांगलेली आहे. करवत माशाच्या तोंडापुढची, दोन्ही बाजूंनी दात असलेली ती लांब पट्टी. सासूबाईंच्या सासऱ्यांच्या वेळची. दसऱ्याला आम्ही तिला हळद लावतो. तो मासा आता समुद्रात उरलाय की नाही, हेच गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

"जिवंत," नारूकाका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "जन्मात नव्हती बघितली. एकेक दात अडकलेला. सोडवायला गेलो तर सगळं गुंतत चाललं. मग कापत सुटलो."

"गेली?"

"गेली. सरळ खाली. शेपूट दिसली, मग काय नाय दिसलं." ते ओट्यावर बसले आणि लगेच त्यांना आपण कोण ते आठवलं. "बघू आता तुझा ठराव!"

सासूबाईंनी जाळं अंगणभर पसरायला लावलं. मी दोन कप चहा टाकला. जिग्नेश सुई घेऊन जाळ्याजवळ बसला, पण तो घरचाच. आम्ही सगळे रस्त्याकडे न बघायचं नाटक करत होतो.

आधी आळीतले भिकाकाका आले. मग हार्दिक, जो सभेत खिडकीशी सगळ्यात जोरात हसला होता. मग एकेक करत येतच राहिले. काहींना शिवायचं होतं, काहींना करवतीची गोष्ट ऐकायची होती. पण हातात सुई प्रत्येकाच्या होती. अध्यक्षही आले. कप संपले तेव्हा मी शेजारून आणले. रस्त्याने बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. एवढे बाप्ये एका अंगणात मान खाली घालून शिवत बसलेत, हे त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांचे हात मांडीवर नुसते ठेवलेले होते. ते हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, पळत जाऊन माहेरी फोन करावा आणि आता मोठ्याने सांगावं, की ही माझी सासू आहे.

मग त्या उठल्या. शिवणाऱ्यांच्या मधून सावकाश गेल्या, कुठे जाळ्यावर पाय पडू न देता. नारूकाकांपाशी थांबल्या, वाकल्या आणि त्यांनी नुकतीच मारलेली गाठ सुजलेल्या बोटांनी ओढून पाहिली. गाठ सरकली.

"सोड," त्या म्हणाल्या. "परत मार."

सगळं अंगण बघत होतं. नारूकाकांनी तोंड उघडलं, मिटलं, गाठ सोडली आणि परत मारली.