चांगली बातमी दसऱ्याला

आमचे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून वाटायचं, ही बाई त्यांच्या वाईटावरच आहे. पण कामगारांना काय सांगायचं आणि कधी सांगायचं, याची अक्कल शून्य! आणि कागदोपत्री ते सांगायचं काम माझं. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या स्विचच्या कारखान्यात एचआर म्हणजे मी एकटीच.

कारखाना ठाण्याला, पार घोडबंदर रोडला हलवायचं ठरलं. मला कधी कळलं? साहेबांनी नोटीस टाइप करायला दिली तेव्हा. दोन ओळी, त्याही इंग्रजीत. दिवाळीनंतर जागा बदलेल, सहकार्य करावे. मी म्हटलं, "साहेब, असेंब्लीत सगळ्या बायका. कोणी टिटवाळ्याची, कोणी शहाडची. जायचं कसं, पाळी कुठली, हे नको का लिहायला?" तर म्हणाले, "आधी एवढंच लावा. बाकीचं बघू." हा 'बघू' मी माहेरी ऐकला, सासरी ऐकला, आता नोकरीतही ऐकते. डोक्यात तिडीक जाते नुसती.

नोटीस लागली ऐन पितृपक्षात. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी मला घेरलं. सगळ्यात पुढे असेंब्लीची लीडर. टिटवाळ्याची, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. नवीन मुलींना काम शिकवावं तर तिनेच. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. दिवसा शेजारीण बघायची, पण संध्याकाळी त्या शेजारणीचा शिवणक्लास असायचा. त्याच्या आत हिला घरी पोचायलाच लागायचं.

"ताई, दोनच गोष्टी सांगा," ती म्हणाली. "सकाळची पाळी राहणारे का? आणि कल्याणहून बस देणारेत का? दिली ना, तर घोडबंदर काय नि काश्मीर काय, मी येते."

काय सांगू, कपाळ माझं! मलाच ठाऊक नव्हतं. रोज केबिनमध्ये जाऊन विचारायचे, रोज तेच 'बघू' घेऊन बाहेर यायचे. तोवर खाली एकेक वावड्या उठत होत्या. पाळी बारा तासांची होणार म्हणे, लग्न झालेल्यांना काढणार म्हणे.

मग साहेबांनी मुंबईहून एक टायवाला पोरगा बोलावला, बदलाबद्दल बोलायला. त्याने पडद्यावर सुरवंटाचं फुलपाखरू दाखवलं. लीडर उठली आणि म्हणाली, "सर, फुलपाखराला पंख असतात. आम्हाला बस लागते." सगळ्या खो खो हसल्या. पोरगा म्हणाला, "छान प्रश्न! यावर आपण नंतर येऊ." कसला येतोय? शेवटी सगळ्यांचा ग्रुप फोटो काढून गेला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी ती राजीनामा लिहूनच माझ्याकडे आली. टिटवाळ्यातल्या एका डॉक्टरांना रिसेप्शनला बाई हवी होती, घटस्थापनेपासून. पगार कमी, आणि लाइनवरचा तो मान कुठून असणार तिथे? जायचं नव्हतंच तिला, डोळेच सांगत होते. मी तिला घेऊन सरळ केबिनमध्ये गेले. तिने सासूपासून सगळं सांगितलं आणि म्हणाली, "साहेब, बसचं काही असेल तर बोला. मी त्यांना आज नाही म्हणून कळवते."

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "घाई करू नकोस. दसरा होऊ दे."

"दसऱ्याला काय आहे साहेब?"

"होऊ दे तर खरं!"

 तिने राजीनामा टेबलावर ठेवला. त्यांनी सही केली.

आमच्याकडे मशीनपूजा दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते. मशिनींना झेंडूचे हार घातले, नारळ फुटला, आणि साहेबांनी माइक हातात घेतला. कल्याण स्टेशनहून कंपनीची बस. सकाळची पाळी आहे तशीच. टाळ्या काय, शिट्ट्या काय! साहेबांचा चेहरा नुसता फुललेला. माझ्या हातातला पेढा तसाच राहिला.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "साहेब, हे ठरलं कधी?"

"अहो, बस तर गणपतीच्या आधीच पक्की केलेली. म्हटलं, शुभ बातमी मुहूर्तावर द्यावी. सरप्राईज!"

"आणि वाईट बातमी पितृपक्षात लावताना नाही आठवला मुहूर्त?" इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर माझा आवाज पहिल्यांदा चढला.  मी नेमकी कशावर चिडले, हेच त्यांना कळेना.

संध्याकाळी तिला फोन लावला. मागे पेशंटचा गलका चालू होता. म्हटलं, "अगं, बस मिळाली. सकाळची पाळीपण. परत येतेस का? मी बोलते साहेबांशी."

"नाही हो ताई. डॉक्टरांना शब्द दिलाय, त्यांनी दुसऱ्या बाईला 'नको' म्हणून सांगितलं माझ्यासाठी." मग म्हणाली, "कधी ठरलेलं हे?"

खोटं बोलवेना. "गणपतीच्या आधी."

 

"म्हणजे सही केली तेव्हा त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "मी समोरच उभी होते ना ताई त्यांच्या. तेव्हा तरी सांगायचं."