व्हॉलीबॉलच्या खोलीतलं करिअर मार्गदर्शन

प्रवेश संपले की फॉर्मचे गठ्ठे बांधून कपाटात जातात. किस्से मात्र कुठल्याच कपाटात मावत नाहीत. ते आमच्या डोक्यातच पडून राहतात आणि मधल्या सुट्टीत चहा आला की एकेक बाहेर येतात. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात!

धुळ्याच्या देवपुरात आमची शाळा आहे आणि तिलाच जोडलेलं ज्युनिअर कॉलेज. मी तिथे मराठी शिकवते. एका मीटिंगला मी नव्हते, मुलीला ताप होता. दुसऱ्या दिवशी आमचे हेडक्लार्क नाना एक कागद घेऊन आले. करिअर मार्गदर्शनाचा चार्ज माझ्याकडे!

"नाना, पण मलाच का?"

"मॅडम, काल बाकीचे सगळे हजर होते!"

रिकामी खोली नव्हती, म्हणून 'करिअर मार्गदर्शन कक्ष' ही पाटी खेळाच्या सामानाच्या खोलीवर लागली. पहिल्या दिवशी मी जाळ्या आणि बॅटींच्या मधे खुर्ची टाकून बसले. नववीतली एक मुलगी दारात आली. पाटी वाचली, मला पाहिलं.

"मॅडम, इथे काय मिळतं?"

"मार्गदर्शन."

तिने माझ्यामागे डोकावून पाहिलं. "बरं. मग व्हॉलीबॉल कुठे मिळेल?"

*

सोनगीरहून एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीला दहावीला नव्वदच्या वर टक्के. मी न विचारताच अकरावीच्या नोंदणीत सायन्सवर बोट नेलं. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आर्ट्स. मला इतिहास घ्यायचाय."

मी चपापले. एवढे मार्क आणि आर्ट्स! वडिलांकडे पाहिलं. म्हटलं आता हे ओरडणार. ते शांतपणे तिच्याकडे वळले.

"पक्कं शे ना?"

"पक्कं शे, आबा. आमच्या गावच्या किल्ल्यावर चढले की मला दरवेळी वाटतं, इथे कोण राहत होतं ते आपल्याला नीट माहीतच नाही."

तरी राहवेना म्हणून मी म्हणाले, "भाऊ, घरी एकदा विचार करा. गावात लोक काय काय बोलतात, तुम्हाला माहीत आहे."

"लोके बोलतीनच, मॅडम. पण पेपर त्या नई लिखतीन. पेपर हाई पोर लिखी."

मी मुकाट्याने आर्ट्स भरलं.

*

हनीफभाई दारं-खिडक्या बनवणारे. त्यांचा इरफान दहावीला गणितात आणि विज्ञानात राहिला. बाप-लेक ऑफिसात आले तेव्हा इरफानने मान छातीत घातली होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"मॅडम, पोराचं वर्ष गेलं का?" हनीफभाईंनी विचारलं.

नाना आतून म्हणाले, "गेलं नाही हो. एटीकेटी आहे त्याला."

"ते काय असतं, नाना?"

नानांनी खुर्ची पुढे ओढली. अशी माहिती सांगायला त्यांना फार आवडतं. "दोन विषय राहिले तरी पोराला अकरावीत बसता येतं. राहिलेले विषय नंतर परीक्षा देऊन सोडवायचे. वर्ष वाया जात नाही."

हनीफभाईंनी पुन्हा एकदा सगळं विचारून घेतलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे चौकट आधी बसवायची, दार मागाहून! अरे, आम्ही तर रोज हेच करतो!"

आणि पोराच्या पाठीवर अशी थाप मारली, की इरफान रडता रडता हसला.

पुरवणी परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी माझा मोबाइल वाजला. नाव नाही, गाव नाही, नमस्कारसुद्धा नाही. नुसता आनंदाने फाटलेला आवाज.

"मॅडम, दार बसलं!"

*

अकरावीच्या मुलांकडून मी एक कागद भरून घेते. 'तुला कोण व्हायचं आहे?' निम्मा वर्ग पोलीस, उरलेला कलेक्टर. एकदा एका मुलीने लिहिलं, 'स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारी.'

मुलगी भुसावळची, शिकायला धुळ्यात मामाकडे राहायची. वडील लोको पायलट. मी तिला बोलावून घेतलं.

"हे का गं?"

"मॅडम, आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये स्टेशनची घोषणा ऐकू येते. पप्पा कधी येतील ते पप्पांनाही सांगता येत नाही. त्यांची गाडी येतेय असं ती बाई बोलली, की मम्मी कणीक मळायला घेते."

ऐकायला गोड वाटलं. पण चार्ज माझ्याकडे, खरं सांगायला हवं. मी म्हटलं, "अगं, पण आता ते सगळं कॉम्प्युटर बोलतो. तिथे बाई बसलेली नसते."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मार्गदर्शनाची गरज मलाच आहे.

"मॅडम, कॉम्प्युटरमध्येसुद्धा आवाज कुणाचा तरी आहेच ना?"

*

दहावीची तोंडी परीक्षा होती. गौरव नावाचा मुलगा, बोलताना खूप अडखळायचा. घरची केळीची शेती रावेरकडे, हा मावशीकडे शिकायला. वर्षभर वर्गात त्याने तोंड उघडलं नव्हतं. मला वाटलं, लेकराला कशाला त्रास. मी हळू आवाजात विचारलं, "गौरव, तुझ्यासाठी वेगळी सोय करता येते का ते विचारू का? तू लिहून दे."

"न... नको मॅडम. मा... माझा नंबर आला ना."

विषय होता, 'माझ्या आवडीचं काम'. त्याने केळीच्या बागेवर सुरुवात केली. रोप कसं लावतात, बुडाशी फुटलेली पिलं का कापतात, घडाला टेकू कसा देतात. एकेक शब्द ओठांशी यायचा, अडायचा, पुन्हा मागे जायचा. कपाळावर घाम. मी वही खाली ठेवली. बाकीची मुलं आपापल्या नंबरची वाट बघत बसलेली, एरवी यांना पाच मिनिटं गप्प बसवता येत नाही. त्या दिवशी सगळी पुढे वाकून ऐकत होती.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. कोणी उठलं नाही.

एकदाचं घड उतरवण्यापर्यंत आलं. माझेच डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "शाब्बास, गौरव! फार छान. बस आता."

तो बसेना.

"मॅ... मॅडम, अजून दो... दोन मुद्दे राहिलेत!"

*

आणि या आमच्या सुनंदाअक्का.

शाळेमागच्या गल्लीत त्यांचं शिलाई मशीन. आमच्या निम्म्या मुलींचे युनिफॉर्म त्यांच्या हातचे. वय चाळिशीच्या पुढे. मुलीचं लग्न झाल्यावर त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, पास झाल्या आणि सरळ आमच्याकडे अकरावी आर्ट्सला आल्या. रोज मशीनवर कपडा झाकायच्या आणि वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसायच्या.

हजेरी घेताना अक्का प्रत्येक वेळी उभ्या राहायच्या. मला संकोच वाटायचा, त्या माझ्याच वयाच्या.

"अक्का, बसून 'हजर' म्हटलं तरी चालतं हो."

"नई मॅडम. उभी ऱ्हायनी का माले बी पटस, मी आठे, वर्गमा शे."

मुली त्यांना इंग्रजीचे स्पेलिंग शिकवायच्या, अक्का त्यांच्या ओढण्यांना टाके घालून द्यायच्या. बारावीला सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. आम्हाला वाटलं, आता येणार नाहीत. दुसऱ्याच दिवशी डब्यासकट हजर! पुरवणी परीक्षेत इंग्रजीही निघालं. मुलींनी एवढा गोंधळ केला की प्राचार्य केबिनमधून बाहेर आले.

मग अक्का शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला ऑफिसात आल्या. मीही तिथेच होते. जन्मतारीख ताडून बघायला नानांनी जुनं रजिस्टर काढलं, कारण अक्का लहानपणी आमच्याच शाळेत होत्या. आठवीपर्यंत. पानं पिवळी पडलेली. नानांचं बोट नावावरून जन्मतारखेवर गेलं, तिथून शेवटच्या रकान्यात, 'शाळा सोडण्याचे कारण'.

तिथे कुणीतरी सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'विवाह'.

नाना पुन्हा जन्मतारखेकडे गेले. ओठ हलवत मनातल्या मनात वजाबाकी केली. मग त्यांनी रजिस्टर मिटलं.

नवा दाखला पुढे घेतला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सगळं भरलं. कारणाच्या रकान्यासाठी नाना एरवी कुणाला विचारत नाहीत, 'बारावी उत्तीर्ण' लिहून मोकळे होतात. ठरलेल्या शब्दांपलीकडे एक अक्षर त्यांनी कधी कुणासाठी लिहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी पेन थांबवलं, चष्मा काढला आणि वर पाहिलं.

"अक्का, कारण काय लिहू?"

अक्कांनी पदर सावरला. ऑफिसात होतो नव्हतो तेवढे सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

"लिखा नाना, शाळा पुरी व्हयनी!"