खाणमालकाचं मरण

आमच्या कोरगावात देवळाच्या जत्रेला दरवर्षी एकच जुनी शोकांतिका व्हायची आणि तिच्यात राजा होऊन बाबा मरायचे. रीत अशी, की रंगमंचावर मेलेल्याला कोणी हात लावायचा नाही. पडदा पडला की त्यानं आपणहून उठायचं, देवाला नमस्कार करायचा, मग माणसांत यायचं. आधी हात लागला तर सोंगातलं मरण खरं होतं म्हणे. मला हे थोतांड वाटायचं, पण भीती वाटायची ती वाटायचीच.

गोवा राज्य झालं, त्यानंतर फोंड्याच्या एका दिग्दर्शकानं त्या नाटकाचा सिनेमा काढला. राजाचा केला खाणमालक, राजवाड्याचा बंगला, आणि मरण डिचोलीकडच्या एका बंद खाणीत, भर दुपारी. बाबांच्या छातीत तेव्हा अधूनमधून कळ यायची. डॉक्टरांनी दगदग नको म्हटलेलं. पण ऐकतील तर ते बाबा कसले.

जत्रेत माणूस एकदाच मरतो. इथं त्या शहाण्यानं बाबांना पाच वेळा मारलं. कधी ढग आला, कधी मागून ट्रक गेला. दर वेळी बाबा उठायचे, सदरा झटकायचे आणि पुन्हा पडायचे. सहाव्या वेळी 'कट' झालं तरी ते उठले नाहीत.

गावची मंडळी टेंपो भरून शूटिंग बघायला आलेली. सगळे हात जोडून उभे. मी धावले तर सख्ख्या काकानं दंड धरला. "हात लाव नको गो. आपणच उठतलो तो."

रीत मोडायची भीती आणि बाप जायची भीती, दोन्ही एकदम उरावर बसल्या. मी काकाचा हात झिडकारला आणि बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. मान घामानं थबथबलेली.

"उठाक जायना गो," ते पुटपुटले.

त्याच टेंपोतून इस्पितळात नेलं. वाचले. काका पुढं कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही.

सिनेमा लागला तेव्हा बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्या मेल्या दिग्दर्शकानं तोच सहावा टेक ठेवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी माझं मनगट गच्च धरलं.

"माका सगळा ऐकाक येय होता गो," ते म्हणाले. "तुका धरून ठेवतत की काय, ह्याच भियान मी थंय पडान होतंय."